निळा एलईडी यायला ३० वर्षं का लागली? शुजी नाकामुरा यांनी नेमकं काय केलं?

घरातला पांढरा बल्ब, एलईडी टीव्हीचा पडदा किंवा पौडच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या नव्या गाडीचा हेडलाइट. या सगळ्यांत बहुतेक वेळा एक निळी चिप असते. ती बाजारात आणण्याचं मोठं श्रेय जातं जपानी संशोधक शुजी नाकामुरा यांना.

रंग कशावर ठरतो?

एलईडीत अर्धवाहकाचे दोन थर असतात. एकात जादा इलेक्ट्रॉन असतात, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. वीज सोडली की इलेक्ट्रॉन त्या जागांत पडतात आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. ही 'उडी' किती मोठी, हे त्या पदार्थावर अवलंबून असतं. उडी लहान तर लाल, मोठी तर निळा.

लाल एलईडी १९६२ मध्येच निक होलोनियाक यांनी दाखवला. हिरवाही नंतर आला. अडलं ते निळ्यावर.

अडचण कुठे होती?

निळ्यासाठी गॅलियम नायट्राइड योग्य होतं, पण त्याचे स्फटिक नीलमण्याच्या चकतीवर वाढवावे लागत. दोघांच्या अणूंची रचना जुळत नसल्याने थराला तडे जात. शिवाय रिकाम्या जागांचा थर बनतच नव्हता. नागोया विद्यापीठातले इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी १९८६ मध्ये मधला जुळवणीचा थर वापरून चांगले स्फटिक वाढवले. १९८९ मध्ये इलेक्ट्रॉनच्या झोताने तो दुसरा थरही साधला.

नाकामुरांचं काम

नाकामुरा १९७९ पासून निचिया या कंपनीत होते. त्यांनी वायूचे दोन प्रवाह वापरणारी भट्टी स्वतः घडवली. एक प्रवाह चकतीला समांतर, दुसरा वरून दाबणारा. त्यामुळे थर सपाट आणि एकसारखा येऊ लागला.

१९९२ मध्ये त्यांनी दाखवलं, की झोताची गरज नाही, नायट्रोजनमध्ये तापवलं तरी पुरतं. स्फटिक वाढवताना वापरलेल्या अमोनियातला हायड्रोजन मॅग्नेशियमला अडवून ठेवतो आणि उष्णतेने तो निघून जातो, हे त्यांनी उलगडलं. ही पद्धत कारखान्याला परवडणारी होती. पुढे इंडियम मिसळून रंग हवा तसा निळा करता आला. १९९३ मध्ये निचियाने तेजस्वी निळा एलईडी जाहीर केला.

निळ्या चिपवर पिवळा प्रकाश देणारी फॉस्फर पावडर लावली, की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. असे एलईडी निचियाने १९९६ मध्ये बाजारात आणले.

बक्षीस किती मिळालं?

नाकामुरा यांच्या म्हणण्यानुसार, शोधाबद्दल कंपनीने त्यांना २०,००० येन दिले. कंपनी सोडल्यावर ते कोर्टात गेले. २००४ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २,००० कोटी येन देण्याचा आदेश दिला. कंपनीने अपील केलं आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली.

२०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. पुढच्याच वर्षी जपानने कायदा बदलला. आता कंपनीने आधीच तसं ठरवलेलं असेल, तर नोकरीत लावलेल्या शोधाचं पेटंट सुरुवातीपासून कंपनीचं होतं. संशोधकाला मात्र मोबदल्याचा हक्क राहतो.