दोन तारांवरचं विमान

चतुर पकडून त्याच्या शेपटीला दोरा बांधायचा आणि त्याला गोल गोल उडू द्यायचं, हा उद्योग आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी केलेला असतो. (आज कोणी करत असेल तर करू नका, बिचाऱ्या चतुराचे हाल होतात.) आता चतुराच्या जागी लाकडाचं छोटं विमान घ्या. त्याला अडीच सीसीचं खरंखुरं इंजिन लावा, दोऱ्याच्या जागी स्टीलच्या दोन बारीक तारा लावा आणि त्या तारांचं हँडल हातात धरून मधोमध उभे राहा. याला म्हणतात कंट्रोल लाइन विमान. रेडिओ नाही, बॅटरी नाही, सॉफ्टवेअर तर मुळीच नाही. दिवसभर सॉफ्टवेअरच पाहणाऱ्या माझ्यासारख्याला ही फारच मोठी गोष्ट वाटते!

दोनच तारा का? गंमत तिथेच आहे. विमानाच्या आत एक छोटा त्रिकोणी तुकडा खिळ्यावर फिरतो, त्याचं नाव बेलक्रँक. दोन्ही तारा त्याच्या दोन टोकांना बांधलेल्या असतात आणि तिसऱ्या टोकापासून एक सळई शेपटीकडे जाते. मनगट वर केलं की एक तार ओढली जाते, बेलक्रँक फिरतो, शेपटीवरची पट्टी वर होते आणि विमान चढतं. मनगट खाली केलं की उतरतं. डावी-उजवीकडे वळायचा प्रश्नच नाही, कारण वर्तुळाबाहेर जाणारच कुठे?

ही कल्पना निघाली ती गरजेतून. १९३० च्या दशकात अमेरिकेत 'ब्राऊन ज्युनियर' नावाचं छोटं पेट्रोल इंजिन विकायला आलं आणि हौशी पोरं विमानं बनवायला लागली. पण ती विमानं सोडली की सुटली! इंजिन बंद पडेपर्यंत वर जायची आणि नंतर वारा नेईल तिकडे. महिनाभर खपून केलेलं विमान दोन गावं पलीकडच्या कुणाच्या तरी मक्याच्या शेतात. त्यापेक्षा बांधूनच ठेवलेलं काय वाईट?

मग बांधायला सुरुवात नेमकी कोणी केली? इथून पुढे प्रकरण कोर्टात जातं, तेव्हा जरा सावरून बसा.

टेक्सासमधल्या शुलेनबर्ग नावाच्या लहानशा गावात व्हिक्टर आणि जो स्टान्झेल असे दोन भाऊ होते. त्यांनी 'टायगर शार्क' नावाचं विमान बाजारात आणलं. त्यांची पद्धत वेगळी, हातात काठी धरून तारेवर विमान फिरवायची. पोर्टलंडमध्ये होता जिम वॉकर. हा माणूस म्हणजे अर्धा इंजिनियर आणि अर्धा जादूगार. दोन हातांत दोन आणि तिसरं डोक्याला बांधून, अशी तीन विमानं हा एकाच वेळी उडवून दाखवायचा. बेलक्रँक असलेल्या आपल्या पद्धतीला त्याने 'यू-कंट्रोल' असं झकास नाव दिलं, 'फायरबॉल' हे विमान विकायला काढलं, १९४० मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९४२ मध्ये पेटंट मिळवलं. त्यानंतर अशी विमानं विकणाऱ्यांकडे तो रॉयल्टी मागू लागला.

युद्ध संपलं आणि हा छंद भलताच वाढला. कॅलिफोर्नियात लेरॉय कॉक्स नावाचा एक उद्योजक होता. लाकडी खेळण्यांच्या बंदुकांपासून सुरुवात करून तो छोट्या इंजिनांवर आणि तयार प्लॅस्टिक विमानांवर आला होता. त्याच्याशी वॉकरचं वाजलं आणि पेटंटभंगाचा खटला उभा राहिला. कॉक्सच्या बाजूने शोधाशोध झाली आणि सापडला ओबा सेंट क्लेअर. हा गृहस्थसुद्धा वॉकरच्याच ऑरेगन राज्यातला! वॉकरने अर्ज करायच्या काही वर्षं आधीच त्याने बेलक्रँक लावलेलं विमान तारांवर उडवलं होतं. पेटंट काढलं नव्हतं, धंदा केला नव्हता. हौस म्हणून केलं, उडवलं, संपलं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर निकाल वॉकरच्या विरोधात गेला आणि पेटंट रद्दबातल ठरलं. वॉकर १९५८ मध्ये वारला.

या निकालाबद्दल मी बराच विचार केला आहे. कायद्याने पाहिलं तर निकाल बरोबरच. गोष्ट आधी कोणी केलेली असेल तर नंतरच्याला तिच्यावर मालकी सांगता येत नाही. आमच्या धंद्यातही हेच चालतं, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून विसरलेला कोड एखाद्याचं पेटंट पाडतो. पण हा छंद पोराटोरांपर्यंत कोणी पोचवला? वॉकरनेच. गावोगाव फिरून, तीन-तीन विमानं उडवून त्याने तो पोचवला. सेंट क्लेअरचं विमान कोर्टात आलं नसतं तर त्याचं नाव आज कोणाला माहीतही नसतं. मला विचाराल तर शोधाचा मान सेंट क्लेअरचा आणि प्रसाराचा वॉकरचा. पैसा मात्र कॉक्सने कमावला! असो.

आता शर्यतीकडे येऊ. एकच विमान गोल फिरवून माणसाचं मन किती रमणार? १९४० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात एकाच वर्तुळात दोन-तीन विमानं एकदम उडवायची टूम निघाली. पुढे त्याचीच आंतरराष्ट्रीय 'टीम रेस' झाली, तिच्या गटाचं नाव एफ-टू-सी. नियमातला तारेचा आकडा पाहा, १५.९२ मीटर. हा कुठून आला? दोन गुणिले पाय गुणिले १५.९२ करा, उत्तर येतं १०० मीटर. म्हणजे १०० फेऱ्या झाल्या की १० किलोमीटर. असा नियम लिहिणाऱ्याला माझा नमस्कार.

तिघे पायलट मधल्या छोट्या वर्तुळात एकमेकांना चिकटून, एकमेकांच्या भोवती फिरत असतात. विमानं ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पळतात, म्हणजे एक फेरी १.८ सेकंदात. करून पाहा, पावणेदोन सेकंदाला एक गिरकी, तीन मिनिटं, आणि त्यात दुसऱ्याच्या डोक्यावरून हात नेऊन ओव्हरटेक करायचं! विमान अर्ध्या किलोचं धरलं तर या वेगाला तारांवर येणारा ओढ सुमारे १० किलोचा होतो, म्हणजे विमानाच्या वजनाच्या वीसपट. आपली गोफण हेच करते, फक्त तिथे शेवटी सोडून द्यायचं असतं आणि इथे कुठल्याही परिस्थितीत सोडायचं नसतं. म्हणून उडवण्याआधी तारा ताणून तपासतात.

टाकी फक्त ७ सीसीची, म्हणजे दीड चमचाभर इंधन. एवढ्यात १० किलोमीटर होत नाहीत. मध्ये उतरावं लागतं. वर्तुळाच्या कडेला बसलेला मेकॅनिक पळतं विमान हाताने पकडतो, इंधन भरतो, बोटाने पंखा फिरवून गरम इंजिन पुन्हा चालू करतो आणि सोडतो. काही सेकंदांचा कारभार. हवेत कमावलेलं इथे घालवणारे पुष्कळ.

इंजिनाला डिझेल म्हणतात, पण पंपावरचं डिझेल त्यात चालत नाही. त्याचं इंधन म्हणजे घासलेट, एरंडेल आणि ईथर, साध्या उडवण्यासाठी साधारण एकेक वाटा. ईथर लवकर पेट घेतं, घासलेट ताकद देतं, एरंडेल इंजिनाला वंगण पुरवतं. स्पार्क प्लग नाहीच. नुसत्या दाबाने हवा इतकी तापते की मिश्रण पेटतं. दाब कमी-जास्त करायला डोक्यावर एक स्क्रू असतो. आजीने पोट साफ करायला दिलेलं तेच एरंडेल ताशी २०० किलोमीटरने विमान पळवतं, हे आजीला सांगायला हवं होतं.

आणि या एरंडेलामुळेच विमान रंगवणं हे बांधण्याइतकंच महत्त्वाचं काम होऊन बसतं. इंजिनातून जळकं तेल सतत मागे उडत असतं. लाकूड उघडं राहिलं तर तेल पितं, फुगतं, जड होतं आणि एक दिवस इंजिनाची पकड सुटते. बाल्सा इतका हलका कारण तो आतून जवळजवळ पोकळ, म्हणून पिणाराही तितकाच. इंजिन ज्या दांड्यांवर बसतं त्या मात्र कडक लाकडाच्या हव्यात, बाल्सावर स्क्रू धरत नाही. दांड्या आधी चिकटवायच्या, मग पंख, मग शेपटी आणि पंख-शेपटीचा कोन पुन्हा पुन्हा मोजायचा. तिथे एक अंश चुकला तर पायलट शर्यतभर मनगटाने ती चूक दुरुस्त करत बसतो आणि प्रत्येक दुरुस्तीत वेग जातो. तारा नेहमी ताणलेल्या राहाव्यात म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकात शिशाचा तुकडा घालतात आणि आतला पंख किंचित लांब ठेवतात. खेळण्यातलं विमान एका बाजूला जड मुद्दाम करायचं, ही कल्पना पचायला मला वेळ लागला.

मग घासकाम. पॉलिश पेपर बारीक होत जातो तशी लाकडाची रंध्रं दिसायला लागतात. ती भरायला पातळ डोपमध्ये टाल्कम पावडर मिसळून हात मारायचा, वाळू द्यायचा आणि जवळजवळ सगळा परत घासून काढायचा. जे खड्ड्यात राहिलं तेवढंच कामाचं. असं तीन-चार वेळा. डोप म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं लॅकर. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं कापड याच प्रकारच्या लेपाने ताठ करायचे आणि आपल्याकडे फर्निचरवाले वापरतात ते एनसी लॅकर त्याचंच भावंडं. त्यावर पातळ टिश्यू किंवा बारीक काचेचं कापड चढवायचं आणि शेवटी गाड्यांच्या गॅरेजमध्ये मारतात तो दोन डब्यांचा क्लिअर कोट, कारण तो तेलाला दाद देत नाही. चकाकी पाहून खूश होऊन अजून एक हात मारावासा वाटतो, तिथेच थांबायचं. रंगाला वजन असतं. गुळगुळीतपणाने वेग वाढतो आणि वजनाने कमी होतो, या दोघांच्या मध्ये कुठे उभं राहायचं हे ज्याला कळतं तो चांगला बांधणारा. (ईथर आणि थिनर दोन्ही बंद खोलीत उघडू नका. चक्कर येते, आणि ठिणगी पडली तर चक्करवर भागत नाही.)

हे सगळं आपल्याकडे कसं आलं? राष्ट्रीय छात्र सेना १९४८ ची आणि तिचा हवाई विभाग १ एप्रिल १९५० चा. पहिल्या दोन एअर स्क्वाड्रनपैकी एक मुंबईत आणि एक कोलकात्यात. खरं विमान प्रत्येक पोराला देणं परवडणारं नव्हतं, म्हणून एअरोमॉडेलिंग आलं आणि तारेवरचं विमान त्यात ठाण मांडून बसलं. आजही वायू सैनिक कॅम्पमध्ये त्याच्या स्पर्धा होतात. कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरने 'ऑरोरा' नावाची स्वदेशी इंजिनंही बनवली. सोव्हिएत रशियात हेच काम डोसाफ ही संघटना करायची, फार मोठ्या प्रमाणावर. तिकडच्या जोड्यांनी पुढे टीम रेसवर राज्य केलं यात नवल नाही. पोरांना वर्कशॉप दिलं होतं, लेथ दिलं होतं, शिकवणारे मास्तर दिले होते. आपल्याकडे पोरांना कॅम्प मिळाला आणि कॅम्प संपला की विमान कपाटावर गेलं.

बोईसरला आमच्या ओळखीचे एक काका आहेत, एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते कॉलेजात हवाई विभागात होते. त्यांनी कपाटावरून काढून दाखवलेलं विमान मी हातात धरलं, तेव्हा पुढचा भाग तेलाने काळा पडून मऊ झाला होता आणि मागचा मात्र काल केल्यासारखा. "अरे, पुढे आम्ही दोनच हात मारले होते डोपचे," काका म्हणाले. "बाटली संपली. दुसरी मागवायला सरांकडे कोण जाणार?" मी विचारलं, "मग उडवायचं थांबवलं का?" तर म्हणे, "थांबवतो कसला! नोकरीला लागलो."

पालघर आणि विमान हे शब्द एकत्र आले ते अगदी अलीकडे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात बांद्रा-कुर्ला संकुलात मांडलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारशी करार झाला, पालघरला १५७ एकर जागेवर विमानांचा कारखाना, आकडा ३५,००० कोटींचा. तेव्हा आमच्याकडे लोकल डब्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. उडायची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये चाचणी उड्डाण झालं ते धुळ्याला. गच्चीवरचं विमान कागदावर यायला लागलेली वर्षं पाहिली की बांधणं हा त्यातला सोपा भाग वाटायला लागतो.

आमच्या भागात तारेवरचं विमान उडवायचं तर काय लागेल? साधारण ४० मीटर व्यासाची सपाट जागा आणि प्रेक्षकांसाठी वर थोडी. ती आहे, पण तिच्या बरोबर मध्यावर क्रिकेटचं पिच असतं. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून वेळ सकाळची. आणि सगळ्यात आधी वर बघायचं. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निघालेले हाय-टेन्शनचे मनोरे शेतांतून, मैदानांच्या कडेने सगळीकडे गेले आहेत. हातात १६ मीटर लांब स्टीलची तार असलेल्या माणसाने त्यांच्या आसपासही उभं राहू नये. विमान बांधायच्या आधी मैदान शोधायचं ते यासाठी.