उत्पादनव्यवस्थेची लवचिकता : कुर्ल्यातील मोटारउद्योग

मालाचा प्रकार, संख्या किंवा क्रम यांतील बदल सामावून घेण्याची कारखान्याची क्षमता म्हणजे उत्पादनव्यवस्थेची लवचिकता होय. ब्रिटिश अभ्यासक नायजेल स्लॅक यांनी १९८० नंतरच्या दशकात तिच्या मोजमापासाठी पल्ला, काळ व खर्च या तीन अंगांचा विचार मांडला. किती प्रकार करता येतात, एकावरून दुसऱ्यावर जाण्यास किती वेळ लागतो आणि त्यासाठी किती खर्च येतो, हे तीन प्रश्न त्यात अभिप्रेत आहेत. मुंबईच्या कुर्ला उपनगरातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्याचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने १९४७ मध्ये मोटारींच्या जुळणीस प्रारंभ केला. क्रायस्लर समूहाच्या डॉज, डी सोटो व प्लिमथ मोटारी आणि मालमोटारी, व पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या लहान मोटारी आयात सुट्या भागांपासून येथे जुळविल्या जात. जुळणीचे काम मुख्यतः कामगारांचे कौशल्य व साधी हत्यारे यांवर चालत असल्याने नवा प्रकार हाती घेणे तुलनेने सोपे होते.

केवळ जुळणी करणाऱ्यांना वाव न देण्याचे धोरण भारत सरकारने १९५३ मध्ये स्वीकारले. तेव्हा फोर्ड व जनरल मोटर्स यांनी येथील जुळणी थांबविली. प्रीमियरने मात्र सुटे भाग देशातच बनविण्याचा मार्ग पत्करला. त्यामुळे सुट्या भागांच्या देशी उद्योगास चालना मिळाली. परंतु पत्र्याचे भाग दाबून काढणारे साचे व ठरावीक भागांसाठीच बांधलेली यंत्रे यांत भांडवल गुंतून पडले. १९६४ पासून तयार होणारी फियाट ११०० डी हीच मोटार १९७० नंतरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि २००० च्या सुमारापर्यंत निघत राहिली. परवाना पद्धतीने स्पर्धा रोखली होती व ग्राहक प्रतीक्षायादीत नाव घालून थांबत; अशा स्थितीत लवचिकतेची किंमत कोणी मोजण्याचे कारणच उरले नव्हते.

मारुती ८०० ही मोटार डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि ते कारण निर्माण झाले. १९८५ मध्ये प्रीमियरने ‘११८ एनई’ काढली. तिची बांधणी १९६६ च्या फियाट १२४ वर आधारलेली होती, एंजिन मात्र निसानचे होते. पुढे कुर्ल्याचा कारखाना फियाटकडे गेला. तेथे उनो व पालिओ तयार झाल्या आणि अखेरीस फियाटचे उत्पादन पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे हलले.

दरम्यान, जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या दाबयंत्रावरील साचे बदलण्याचा काळ काही तासांवरून काही मिनिटांवर आणला होता. पुढे विल्यम जॉर्डन व स्टीफन ग्रेव्हज यांनी १९९५ मध्ये असे दाखविले की, प्रत्येक कारखान्याने सर्व प्रकार बनविण्याची गरज नसते. प्रत्येकास दोन प्रकार नेमून त्यांची साखळी जुळविल्यास पूर्ण लवचिकतेचा बहुतेक लाभ मिळतो. लवचिकता ही यंत्रखरेदीच्या वेळीच योजावी लागते. मागणी पालटल्यावर ती मिळविणे महाग पडते, हेच कुर्ल्याच्या उदाहरणावरून दिसते.