लोहाराचा भाता आणि गांवाचें देणें

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तलवारी उभ्या राहतात. ज्या फाळानें जमीन नांगरली जाई, तो घडविणाऱ्याचें नांव मात्र बखरींत सहसा आढळत नाहीं.

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, अजिंठ्याकडे निघालें कीं वाटेंत फुलंब्री लागतें. हा मुलूख निजामाच्या संस्थानांत होता. सप्टेंबर १९४८ मध्यें तें भारतांत विलीन झालें. राजवट कोणतीही असो, फुलंब्रीसारख्या गांवाचें लोहारावांचून चालत नसे.

मराठी गांवगाड्यांत लोहार हा बारा बलुतेदारांपैकीं, तोही थोरल्या ओळींतला. फाळ, वखराची पास, विळा, खुरपें यांची दुरुस्ती तो वर्षभर करी. दर खेपेस दाम मागत नसे. सुगींत खळ्यावर त्याला धान्याचा ठरलेला वांटा मिळे, तेंच बलुतें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ ग्रंथांत ही व्यवस्था तपशीलवार वर्णिली आहे. याउलट घिसाडी लोक गांवोगांव हिंडत. त्यांच्या स्त्रियाही घण मारीत. त्यांस बलुत्याचा हक्क नसल्यामुळें मोबदला तेथल्या तेथें घ्यावा लागे.

लोहाराची विद्या सामान्य नव्हे. तापलेला फाळ ऐरणीवर ठोकून त्याला टोंक काढावयाचें आणि मग पाणी द्यावयाचें. पाणी कमी पडलें तर टोंक वाकतें, अधिक झालें तर दगडावर तुटतें. हें तो लोखंडाच्या रंगावरून ओळखी. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून चढवीत. पाणी ओततांच ती आकसून चाक घट्ट आवळी. उष्णतेनें धातु प्रसरण पावतात, हें आम्ही शाळेंत पुस्तकांतून शिकवीत असूं. लोहारशाळेंत तें प्रत्यक्ष दिसे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली आणि कारखान्यांतला लोखंडी नांगर शेतांत आला. पुढें ट्रॅक्टर आला. अवजारें बाजारांत मिळूं लागलीं, व्यवहार रोखीचा झाला आणि बलुतें मागें पडलें.

याचें केवळ दुःख करणें योग्य नव्हे. दुष्काळांत शेतकऱ्याबरोबर लोहारही उपाशी राही, आणि धंदा जन्मानेंच गळ्यांत पडे. परंतु तुटक्या फाळापायीं कोणाची पेरणी अडूं नये, ही जबाबदारी गांवानें मान्य केलेली होती. रोखीच्या व्यवहारांत लोहार मोकळा झाला. ज्याच्या गांठीं पैसा नाहीं, त्याचें औत मात्र अडून राहिलें. गांवाचा इतिहास लिहितांना हा जमाखर्च दोन्ही बाजूंनीं मांडला पाहिजे.