पाहुण्यांचे गाव : अंबाजोगाई

समुद्रकाठच्या गावांचा इतिहास वाचताना एक गोष्ट जाणवते. अलिबाग असो वा श्रीवर्धन, तेथे राहणाऱ्यांइतकेच तेथे येऊन जाणाऱ्यांविषयीही लिहिले जाते. हवापालटासाठी, दर्शनासाठी किंवा नुसता समुद्र पाहण्यासाठी आलेला पाहुणा चार दिवसांनी परततो. गावाचा स्वभाव मात्र त्या ये-जा करण्यातून घडत राहतो. बीड जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही बालाघाटाच्या डोंगररांगेतील अंबाजोगाईचा इतिहास याच दृष्टीने वाचावासा वाटतो. तेथे येणाऱ्यांत किनाऱ्यावरची माणसे पूर्वापार आहेत, हे त्याचे एक कारण.

अंबाजोगाईची योगेश्वरी ही अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. कोकणचा किनारा येथून सरळ रेषेतही सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. या अंतराचे उत्तर लोककथेने आपल्या परीने दिले आहे. देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी विवाहासाठी निघाली. वाटेत मुहूर्त टळला. ती येथेच कुमारिका राहिली आणि वऱ्हाड दगडाचे झाले. गावाजवळच्या हत्तीखाना लेण्यांतील दगडी हत्ती दाखवून ही कथा आजही सांगितली जाते. लेणी कोरणाऱ्यांच्या मनात असे काही नव्हते, हे उघड आहे. पण कथा रचणाऱ्यांनी आपल्या गावाला नेमके ओळखले होते, असे म्हणावे लागते. येथील देवताच मुळी परत न गेलेली पाहुणी आहे.

कोरीव पुरावा पाहिला तरी चित्र फारसे बदलत नाही. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर मूळचा विदर्भाकडचा. त्याच्या घराण्याशी निगडित शिलालेख येथे आहेत. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला. बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ येथे मंदिर उभारले, असे १२४० च्या शिलालेखावरून कळते. मोहिमा आणि विजय यांची नोंद राजे करतातच. बहिणीचा शोक दगडावर उतरल्याची उदाहरणे विरळा. मराठवाड्याच्या इतिहासात या लेखाची आठवण अधिक वेळा व्हायला हवी.

साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र अंबाजोगाई आठवते ती मुकुंदराजामुळे. ‘विवेकसिंधु’ शके १११० मधला, म्हणजे इ. स. ११८८ चा; म्हणून तो मराठीतील आद्य ग्रंथ आणि मुकुंदराज आद्यकवी, हे आपण वर्गात सांगत आलो. गावाबाहेर दरीच्या कडेला त्याची समाधीही दाखवतात. पण ग्रंथातील अंबानगरी वैनगंगेच्या तीरावरची असल्याचे वाचन विदर्भातील आंभोऱ्याकडे बोट दाखवते. कालनिर्देश करणारी ओवी नंतरची असावी, ग्रंथाची उपलब्ध भाषा ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन वाटते, हे आक्षेपही जुने आहेत. ते विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

या वादाने दुसरेच एक नुकसान केले. आद्य कोण, या प्रश्नात आपण इतके गुंतलो की ज्याच्या अंबाजोगाईतील वास्तव्याविषयी असा वाद नाही तो कवी मागे राहिला. दासोपंत (१५५१–१६१५) हे बीदरच्या बादशाहीतील देशपांड्यांच्या घराण्यातले. तेही येथे बाहेरूनच आले, राहिले आणि येथेच समाधिस्थ झाले. ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा, अशी परंपरा आहे. आणि त्यांची ‘पासोडी’ तर आपल्या वाङ्मयातील एक नवल म्हणावी लागेल : सुमारे चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेले पंचीकरण. ग्रंथ म्हणजे पोथीच, या आपल्या समजुतीला ते कापड आजही धक्का देते. तरीही मुकुंदराजाच्या काळाविषयी दोन तास बोलणारे आपण दासोपंतांना एका वाक्यात आटोपतो.

निजामी राजवटीत गावाचे नाव मोमिनाबाद झाले आणि हैदराबाद कंटिंजंटची छावणी येथे पडली. १९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाले. फौजा येतात तशा जातात. पुढे मोमिनाबाद हे नावही गेले. विजापूर जिल्ह्यातील सिंदगीत जन्मलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३८ मध्ये राजकीय लढ्यात पूर्णपणे उतरण्यापूर्वी येथील योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक होते. स्वामीजी पुढे निघून गेले. पण येथील वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि दूरदूरची मुले शिकण्यासाठी तेथे येतात.

समुद्रकाठच्या गावात पाहुणा परतला की वाळूवरची पावले भरतीबरोबर पुसली जातात. अंबाजोगाईत आलेल्यांपैकी कोणी शिलालेख ठेवला, कोणी चाळीस फुटांचे कापड, कोणी शाळा. मुकुंदराज उद्या आंभोऱ्याचा निश्चित ठरला, तरी हे सारे येथेच राहील. या गावाची थोरवी पहिलेपणावर अवलंबून नाही, हे आपण शिक्षकांनी आधी पटवून घेतले पाहिजे. मग वर्गात दासोपंतांसाठी एखादा तास सहज निघेल.