पाषाणाच्या उदरातील लोखंड

पुण्याहून नगरकडे जाणारा हमरस्ता वाघोलीत शिरला की वाघेश्वराचे देवालय आणि सरदार पिलाजी जाधवरावांची समाधी नजरेस येते. २०२१ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत दाखल झालेल्या या गावाचा खरा व्याप मात्र त्याच्या खाणींचा असून, येथल्या काळ्या पाषाणाची खडी कित्येक दशके पुण्याच्या काँक्रीटमध्ये जात राहिली. वडारांची छिन्नी जाऊन क्रशर आला. दगड तोच राहिला. ज्या कामात खडीबरोबर लोखंडही गाडले जाते, त्याचे आयुष्य मात्र दगडावर नव्हे, लोखंडावर ठरते.

जुनी दगडी इमारत दाबावर उभी असते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही, म्हणून १८६७ साली फ्रान्समध्ये जोसेफ मॉनिए याने लोखंडी जाळीच्या कुंड्यांचे पेटंट घेतले तेव्हापासून ताणाचा भार गजांवर सोपविण्याची रीत रूढ झाली. सिमेंटच्या तीव्र क्षारधर्मामुळे गजावर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर बसतो. परंतु हवेतील कर्बाम्ल वायू तो क्षारधर्म हळूहळू मारतो, आणि समुद्राचे मीठ तर थेट त्या थरालाच भेदते. गंज मूळ लोखंडाहून कित्येक पट जागा मागतो, म्हणून आतून फुगून बाहेरचा गिलावा आणि काँक्रीट फोडतो.

याचा अत्यंत कठोर दाखला गोव्याने पाहिला. पणजीजवळ मांडवीवर १९७० च्या सुमारास उभारलेला पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी, म्हणजे दोन दशकेही पुरी न होता, कोसळला. अशा पुलात जाड गजांऐवजी प्रचंड ताण दिलेल्या बारीक पोलादी तारा असतात. जाड गजाला जो गंज वरवर खातो, तोच गंज अशा तारेला तोडतो, आणि ताणाखालची तार पूर्वसूचना न देता तुटते. ठाण्याच्या खाडीवरील १९७० च्या दशकातील पुलाच्याही तारा गंजल्या, आणि १९९७ साली त्याच्या शेजारी दुसरा पूल रहदारीस खुला करावा लागला.

वाघोलीला समुद्र नाही, पण भरलेले डंपर आहेत. प्रशियातील ऑगस्ट व्योलर याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखविले की, एकवार सहज पेलणारा भार लक्षावधी वेळा आला तर तोच धातू मोडतो. पुलावरून जाणारे प्रत्येक चाक काँक्रीटमधील केसासारखी भेग किंचित उघडते व मिटवते; त्या भेगेतून पाणी आत उतरते, आणि गंजाने पडलेल्या खड्ड्यापाशीच गजाची पुढची चीर सुरू होते. कागदोपत्री गंज आणि पुनःपुन्हा येणाऱ्या भाराचा शीण हे दोन रोग निराळे लिहिले जातात, आणि माझ्या मते कसूर तेथेच होते.

पाथरवट हातोडीच्या नादावरून दगडाची जात ओळखी. अभियंताही पुलाच्या तळाला हातोडी ठोकून सुटलेला थर बद्द आवाजावरून हुडकतो. पूर्वप्रतिबलित पुलात नळीत खोल बसविलेल्या तारांच्या बाबतीत मात्र ही परीक्षा कुचकामी ठरते, म्हणून तेथे नळीच उघडून पाहावी लागते.