गंधकावाचून हायड्रोजन

व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात फ्रेंच सैन्याचा एक जुना रेशमी फुगा जतन केलेला आहे. १७९६ साली व्युर्झबुर्गच्या लढाईत तो ऑस्ट्रियाच्या हाती लागला. पाहणाऱ्याचे लक्ष त्याच्या कापडाकडे जाते. आम्हाला मात्र त्यात एके काळी भरलेल्या वायूची कथा अधिक महत्त्वाची वाटते.

शार्ल यांनी १७८३ साली पॅरिसमध्ये हायड्रोजनचा फुगा उडवला, तेव्हा लोखंडावर सल्फ्युरिक आम्ल ओतून वायू मिळवला होता. शाळेत आपण जस्त घेऊन हाच प्रयोग दाखवतो. १७९४ साली क्रांतिकारी फ्रान्सने टेहळणीसाठी फुगे वापरायचे ठरवले, तेव्हा अडचण आली ती आम्लाची. आम्लाला गंधक लागते आणि तेच गंधक बंदुकीच्या दारूलाही हवे होते.

थोडे गणित करू. ९ मीटर व्यासाच्या फुग्यात सुमारे ३८० घनमीटर वायू मावतो. हवेत एक घनमीटर हायड्रोजन सुमारे १.१ किलोग्रॅम भार उचलतो. म्हणजे कापड, दोर, टोपली आणि माणसे धरून एकूण ४२० किलोग्रॅम. एवढा वायू आम्लातून काढायचा, तर सुमारे अर्धा टन गंधक खर्ची पडेल. तेवढ्या गंधकात चार-पाच टन दारू होते!

यावरचा उपाय दहा वर्षांपूर्वीच सापडला होता. लाव्हाझिए आणि लष्करी अभियंते मेनिए यांनी तापून लाल झालेल्या बंदुकीच्या नळीतून पाण्याची वाफ सोडली होती. लोखंडाने ऑक्सिजन घेतला, हायड्रोजन मोकळा झाला आणि पाणी हे मूलद्रव्य नसल्याचा पुरावा मिळाला. गितों द मोर्व्हो या रसायनशास्त्रज्ञाने हीच पद्धत सरकारला सुचवली. रसायनांच्या नव्या नामकरणात ते लाव्हाझिए यांचे सहकारी होते. कुतेल यांनी भट्टी उभारून ती मोठ्या प्रमाणावर वापरात आणली.

२६ जून १७९४ रोजी फ्लरसच्या लढाईत कुतेल कित्येक तास दोराने बांधलेल्या फुग्यात होते. शत्रूच्या हालचाली चिठ्ठ्यांवर लिहून ते खाली पाठवत. लढाई फ्रान्सने जिंकली. त्यात फुग्याचा वाटा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. भट्ट्या अवजड होत्या, भरलेला फुगा दोर धरून चालत न्यावा लागे. १७९९ साली हे दल बरखास्त झाले.

लाव्हाझिए यांना हे पाहता आले नाही. राजाच्या काळात कर गोळा करणाऱ्या कंपनीचे भागीदार म्हणून ८ मे १७९४ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. ज्या राजवटीत त्यांना मृत्युदंड झाला, तिच्याच सैन्याचा फुगा ४९ दिवसांनी त्यांच्या पद्धतीने मिळवलेल्या वायूवर तरंगत होता.

या फुग्याला किती लोखंड लागेल, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. सर्व लोखंड वापरले गेले असे मानल्यास उत्तर साडेसहाशे किलोग्रॅमच्या थोडे वर येते. हे गणित देताना त्या ४९ दिवसांची हकिगतही सांगावी, असे आम्हाला वाटते.