बाणाग्राची निवड आणि शिकारीची नीती : अमेरिकेतील धनुष्यबाणाच्या शिकारीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शस्त्रांच्या इतिहासात धातू, आकार व वेग यांची चर्चा विपुल आढळते. मात्र शस्त्र वापरणाऱ्यांनी स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांची चर्चा त्या मानाने कमी होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांपुढे गेली काही दशके एक प्रश्न उभा आहे. बाणाला स्थिर पात्यांचे अग्र लावावे, की लक्ष्यावर आदळताच पाती उघडणारे यांत्रिक अग्र, म्हणजेच ‘मेकॅनिकल ब्रॉडहेड’, लावावे? वरकरणी हा खरेदीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः जखमी होऊन हाती न लागणाऱ्या प्राण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी असल्याने हा विषय आपल्या व्यवहारातील नाही. तथापि तंत्रज्ञान आणि संयम यांच्या परस्परसंबंधाचे उदाहरण म्हणून तो अभ्यसनीय आहे.

धनुष्यबाणाचे पुनरुज्जीवन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार शिकारीमुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या काही लाखांवर घसरली होती. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारास आळा घातला. याच काळात शिकार हा व्यवसाय नसून नियमबद्ध छंद असावा, हा विचार रुजू लागला.

१९११ मध्ये याही जमातीचा अखेरचा ज्ञात मनुष्य ‘इशी’ कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे आढळला. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याचे वास्तव्य असताना डॉ. सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाने त्याच्याकडून धनुष्य व बाण घडविण्याची कला आत्मसात केली. इशी ज्वालामुखीय काचेपासून, तसेच बाटलीच्या काचेपासूनही, धारदार अग्रे बनवीत असे. १९१६ मध्ये क्षयाने त्याचे निधन झाले. पोप यांनी १९२३ मध्ये ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग यांनी पोलादी रुंद अग्रांचा पुरस्कार केला.

पोप शल्यविशारद होते, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. बंदुकीची गोळी आघाताने ऊती उद्ध्वस्त करते. बाण मात्र कापतो, आणि रक्तस्रावाने मृत्यू घडवितो. फुफ्फुसांतून पार गेलेल्या तीक्ष्ण बाणाने हरीण अल्पावधीत कोसळते. तोच बाण बोथट असला किंवा पोटात शिरला, तर त्याला तासन्‌तास यातना भोगाव्या लागतात. म्हणून धार, कापाची रुंदी आणि खोलवर प्रवेश या तीन कसोट्यांवर बाणाग्राचे मूल्यमापन होऊ लागले.

कायदा आणि स्थिर पाती

१९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांच्या शिकारीसाठी धनुर्धरांचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. वन्यजीव व्यवस्थापनशास्त्राचे प्रवर्तक आल्डो लिओपोल्ड हे याच राज्यातील विद्यापीठात प्राध्यापक होते व स्वतः धनुर्धरही होते. धनुष्याचा पल्ला अल्प असल्याने शिकाऱ्यास प्राण्याच्या अगदी जवळ जावे लागते. यश क्वचित मिळते, आणि म्हणून संख्येवर फारसा ताण पडत नाही, हे स्वतंत्र हंगामाच्या समर्थनाचे प्रमुख सूत्र होते. साधनाची मर्यादा हाच येथे परवान्याचा आधार होता.

पुढे अनेक राज्यांनी अग्राच्या कापाची किमान रुंदी, बहुधा सात अष्टमांश इंच, नियमाने ठरविली. १९५६ मध्ये मिशिगनचे फ्रेड बेअर यांनी ‘रेझरहेड’ हे अग्र बाजारात आणले. दोन मुख्य पात्यांच्या जोडीला त्यात बदलता येणारे पातळ पाते होते. त्यामुळे कानशीने धार लावण्याचे कौशल्य नसलेल्या शिकाऱ्यालाही तीक्ष्ण अग्र उपलब्ध झाले.

कंपाउंड धनुष्याने निर्माण केलेली अडचण

मिसुरीचे हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांनी १९६६ मध्ये कंपाउंड धनुष्याच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले. धनुष्याच्या टोकांवरील विषमकेंद्री चाकांमुळे दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरील भार कमी होतो व नेम धरून थांबता येते. त्याचबरोबर बाणाचा वेगही वाढतो.

या वेगानेच नवी अडचण निर्माण केली. स्थिर रुंद पाती हवेत छोट्या पंखांसारखे कार्य करतात. बाणाची मागील पिसे त्याला सरळ ठेवू पाहतात, तर पुढील पाती त्याला भलतीकडे वळवितात. वेग वाढला की धनुष्याच्या जुळणीतील सूक्ष्म दोषही लक्ष्यावर मोठा फरक पाडतो. पाती उड्डाणात मिटलेली ठेवणे हा त्यावर शोधलेला उपाय होता. ही कल्पना जुनी असली तरी यांत्रिक अग्रांचा प्रसार प्रामुख्याने १९९० च्या दशकात झाला. काहींत पाती पुढून मागे उलगडतात, तर काहींत ती मागून बाहेर सरकतात. साधारण १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम वजनाचे असे अग्र उघडल्यावर दोन इंचांपर्यंत काप करू शकते. स्थिर अग्राचा काप बहुधा एक ते सव्वा इंच असतो.

आक्षेप आणि पुरावा

पाती उघडण्यात बाणाची काही ऊर्जा खर्च होते. रुंद कापास अधिक प्रतिरोध होतो. तिरक्या आघातात अग्र घसरण्याचा, तसेच हलते भाग निकामी होण्याचा संभव असतो. ओरेगॉन, आयडाहो यांसारख्या राज्यांनी यांत्रिक अग्रांवर दीर्घकाळ बंदी ठेवली होती.

याबाबत मेरीलँडमधील इंडियन हेड येथील नौदल तळावर १९८९ पासून ठेवलेल्या नोंदी उद्‌बोधक आहेत. तेथे नेमबाजीची चाचणी उत्तीर्ण झालेल्यांनाच शिकारीस अनुमती होती. स्थिर अग्राचा बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे ८२ टक्के, तर यांत्रिक अग्राचा बाण लागलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के हरणे हाती लागली. यांत्रिक अग्राची प्रकरणे तुलनेने कमी होती आणि शिकारी निवडक होते. त्यामुळे हे प्रमाण सर्वत्र लागू करता येणार नाही. तरीही यांत्रिक अग्रामुळे हरणे अधिक गमावली जातात, या सरसकट आक्षेपास या नोंदींतून पुष्टी मिळत नाही. त्याच वेळी, चाचणी उत्तीर्ण झालेल्या शिकाऱ्यांच्याही हातून स्थिर अग्राचा बाण लागलेल्या शंभरांपैकी अठरा हरणे निसटली, हेही दुर्लक्षिता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, जोरकस धनुष्य, जवळचे अंतर आणि बाजूने मिळणारा नेम असता यांत्रिक अग्राचा रुंद काप लाभदायक ठरतो. कमी ताणाचे धनुष्य असल्यास, किंवा बाण हाडावर आदळण्याचा संभव अधिक असल्यास, स्थिर अग्र अधिक भरवशाचे असते. परंतु १९३४ मध्ये धनुर्धरास स्वतंत्र हंगाम मिळाला तो त्याच्या साधनाच्या दुबळेपणामुळे. प्रत्येक सुधारणेने तो दुबळेपणा कमी केला. साधनात अंगभूत असलेली मर्यादा जसजशी सरली, तसतशी ती शिकाऱ्याच्या विवेकावर येऊन पडली. बाण न सोडण्याचा निर्णय कोणतेही अग्र त्याच्या वतीने घेऊ शकत नाही. बाणाग्राच्या या शतकभराच्या इतिहासाचे तात्पर्य हेच होय.